चाळिशीनंतर क्लासिकल गिटार : नखं, कणीक आणि ‘लाग्रिमा’चा दुसरा भाग

अबोली_ठाणे

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वय ४६, मुक्काम ठाणे, नोकरी अकाउंट्समध्ये. मागच्या जूनपासून क्लासिकल गिटार शिकते आहे. आधीच खुलासा करते, कारण हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे राग वाजवणार?” नाही. राग नाही, आणि सहलीत गाण्यामागे कॉर्ड्स झोडायच्या तेही नाही. नायलॉनच्या तारा, प्लेक्ट्रम (तारा छेडायची चपटी पट्टी) नाही, उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं, समोर कागदावर छापलेले स्वर, आणि वरची चाल व खालचा खर्ज दोन्ही एकाच माणसाने सांभाळायचे. करंगळी तेवढी बेकार बसून असते.

याचं खूळ डोक्यात शिरलं ते भाचीच्या मित्रामुळे. तो आमच्या सोफ्यावर बसून काहीतरी वाजवत होता आणि मी आत भेंडी चिरत होते. मला वाटलं दोघं वाजवतायत. बाहेर येऊन बघते तर हा एकटाच, आणि भाची मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. त्या दिवशी भेंडी करपली.

पहिला क्लास फसला. तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली, सहावी-सातवीच्या मुलांच्या बॅचमध्ये बसवलं आणि सरांनी हातात प्लेक्ट्रम दिलं. “क्लासिकल नंतर बघू, आधी चार कॉर्ड्स शिका.” ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. आता ज्या बाई शिकवतात त्या आठवड्यातून एकदा पाऊण तास शिकवतात आणि खरंच शिकवतात. पहिला दीड महिना फक्त मोकळ्या तारा. तर्जनी, मध्यमा, तर्जनी, मध्यमा. एकच बोट लागोपाठ दोनदा वापरलं की त्या नुसत्या बघतात.

डावा पाय उंचावर ठेवायला स्टूल लागतं. मी दोन पाट एकावर एक ठेवते, सासूबाईंचे, शिसवी. रोज रात्री पावणेदहा ते सव्वादहा. मुलगा अभ्यासाला दार लावून बसतो, नवरा बातम्यांचा आवाज एक घर वाढवतो.

सध्या तारेगा या जुन्या स्पॅनिश गिटारवाल्याचं ‘लाग्रिमा’ चालू आहे. दोन छोटे भाग. पहिला मेजरमधला, सुरुवातच मोठी गोड. खाली चौथ्या तारेवर दुसरं, चौथं, सहावं घर (घर म्हणजे मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधली जागा), त्याच वेळी वर पहिल्या तारेवर चौथं, पाचवं, सातवं. दोन्ही स्वर बरोबरीने वर चढतात, पण अंतर सारखं नाही. खाली दोन-दोन घरांच्या उड्या, वर आधी एक आणि मग दोन. म्हणजे हात आधी पसरलेला असतो, सरकता सरकता आकसायचा, आणि मधे दुसरी तार मोकळी वाजत ठेवायची, तिला चुकून बोट लागता कामा नये. या तीन ठोक्यांवर माझे अकरा दिवस गेले. पण आलं. दुसरा भाग मायनरमध्ये जातो, तिथे बारे आहे, म्हणजे तर्जनी आडवी टाकून बऱ्याच तारा एकदम दाबायच्या. तिथे माझं गाडं रुतलंय. सहापैकी दोन तारा वाजतात, बाकीच्या खोकतात.

दुसरं दुखणं नखांचं. उजव्या हाताची नखं थोडी वाढवा म्हणतात बाई. वाढवली. मग कणीक मळायची कशी? बुधवारी डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना मध्यमेचं नख अर्ध्यावरून गेलं. तिथून बारीक आवाज येतो, बाजूच्या बोटाचा भरीव. लंगडल्यासारखं वाजतं.

आणि बाई विचारतायत, परीक्षा देणार का? या वयात?

कुणी या वाटेने गेलंय का?

—

सदाशिव_पेठी

अबोलीताई, ‘शास्त्रीय गिटार’ वाचून धावत आलो आणि निराश झालो. आमच्यासाठी गिटार म्हणजे ब्रिजभूषण काब्रा. मांडीवर आडवी घेऊन, तारेवर दांडी फिरवून. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची १९६७ ची ती रेकॉर्ड आमच्या वडिलांनी झिजवली. असो. तुमचं चालू द्या, वाचतोय.

—

अबोली_ठाणे

@सदाशिव_पेठी, अहो बरोबर आहे तुमचं, नावातच घोळ आहे. माझ्या सासऱ्यांनीही पहिल्या दिवशी “यमन झाला का?” असं विचारलं होतं. हल्ली विचारत नाहीत.

—

रंधा_पटाशी

लाकडाचा माणूस आहे, वाजवता फारसं येत नाही, पण दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच गिटारी पाहिल्यात. ताई, आधी सांगा, गिटार कुठली आहे? बारे न येण्याचं निम्मं कारण बोटात नसतं, गिटारीत असतं.

बाराव्या घरापाशी तार आणि फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) यांच्यामधलं अंतर मोजा. जाड सहाव्या तारेखाली साधारण ४ मिमी, बारीक पहिलीखाली ३ च्या आसपास असावं. स्वस्त गिटारी कारखान्यातून उंच तारांनीच येतात. ब्रिजवरची, म्हणजे पोटावर जिथे तारा बांधतात त्या लाकडी तुकड्यावरची, पांढरी पट्टी नुसती खाचेत बसवलेली असते. तारा सैल करून ती काढायची आणि खालून घासायची, वरून नव्हे. पट्टी १ मिमी कमी केली की बाराव्या घरापाशी अर्धा मिमी उतरतो. आधी पेन्सिलीने रेघ मारा, घाई करू नका. घासलेलं परत वाढत नाही.

दुसरं, बाईमाणसाचा किंवा कुणाही लहान हाताच्या माणसाचा विचार. नेहमीच्या क्लासिकल गिटारीत तारेची वाजती लांबी ६५० मिमी असते. ६३० ची मिळते. जेमतेम पाऊण इंच कमी म्हणून हसू नका, पहिल्या तीन-चार घरांत फरक कळतो. मानेची रुंदी मात्र ५२ मिमी असतेच, साध्या अकूस्टिकची ४३ च्या आसपास. तुमची आडवी तर्जनी किती जमीन झाकते बघा आता.

आणि जो कुणी हा धागा वाचून गिटार घ्यायला निघेल त्याला हात जोडून विनंती. क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. नायलॉनच्या सहा तारा मिळून चाळीसेक किलोने ओढतात, स्टीलच्या सत्तरच्या पुढे. गेल्या पावसाळ्यात एक गिटार आली, ब्रिज पोटासकट उखडलेला. मालक म्हणे, “आवाज मोठा हवा होता.” झाला की एकदाच मोठा.

—

अबोली_ठाणे

रंधादादा, यामाहा सी-४० आहे. धोबी तलावला फुर्ताडोजमध्ये घेतली, दहा-बारा हजारांत बसली. तुमची पोस्ट वाचून आत्ताच मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघितली. जाड तारेखाली जवळजवळ साडेपाच.

साडेपाच!! आणि मी सहा महिने स्वतःला शिव्या घालतेय.

—

रंधा_पटाशी

झालं तर मग. गिटार वाईट नाही, शिकायला ठीक आहे. पुढची फळी प्लायची असते, म्हणून आवाज फार उमलत नाही, पण ठाण्याच्या पावसात तीच जास्त टिकते. पट्टी घासून घ्या. स्वतः नको वाटलं तर कुणा जाणत्याकडून.

—

कोणीतरी_१९७९

एवढी मेहनत या वयात? नातवंडं व्हायची वेळ आली. कीबोर्ड घ्या, बटण दाबलं की तबला पण वाजतो.

—

अबोली_ठाणे

@कोणीतरी_१९७९, मुलगा दहावीत आहे हो. नातवंडांना थोडी उसंत द्या.

—

मांडवीकाठी

दीदी, छान धागा. मी फोंड्याचा, नोकरी पणजीत. आमच्याकडे गिटार घरात असणं म्हणजे छत्री असण्यासारखं, कौतुक नाही. पण बहुतेक लोक कॉर्ड्सच वाजवतात. कागदावरून वाजवणारे वेगळे, ते बहुधा इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत शिकलेले. पोर्तुगीज काळापासून गावोगावच्या इगर्जींत मुलांना सोल्फेजो शिकवायचे, म्हणजे आधी डो-रे-मी गाऊन वाचायचं, मग वाद्य हातात. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या सिनेमासंगीतात टिकले ते या वाचण्याच्या जोरावर. बाकीच्यांना चाल पाठ करावी लागायची, हे कागद बघून सुरू.

मी हिंदू घरातला, इगर्जीत शिकलो नाही. पस्तिशीत शेजारच्या एका म्हाताऱ्या सरांकडे गेलो. त्यांनी सहा आठवडे गिटारला हात लावू दिला नाही. टाळी वाजवत स्वर वाचायचे. चिडलो होतो. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात, कारण वाचता आलं की कुणाच्या व्हिडिओवर अवलंबून राहावं लागत नाही. सोर, कारुल्ली, कार्कासी, तारेगा या सगळ्या जुन्या गिटारकारांचे छापील कागद इंटरनेटवर फुकट आहेत, हक्क केव्हाच संपलेत. सोरचे ओपस ६० (म्हणजे त्याच्या रचनांतला साठ नंबर) घ्या. पंचवीस धडे, खास नवशिक्यांसाठी लिहिलेले. पहिला तर नुसता एकेक स्वर आहे, पण ऐकायला धडा वाटत नाही, संगीत वाटतं. मला विचाराल तर ‘लाग्रिमा’ दोन महिने बाजूला ठेवा आणि हे करा. सगळे ‘लाग्रिमा’ फार लवकर हातात घेतात. दिसायला एक पान, म्हणून.

पावसाळ्याचंही सांगतो. जून ते सप्टेंबर गिटार पेटीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि भिंतीला टेकवून ठेवायची नाही, आमच्याकडे भिंतीच घामेजतात. लाकडाला ४५ ते ५५ टक्के दमट हवा मानवते. आपल्याकडे जुलैत किती असते ते सांगायला नको. फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. तुमच्या साडेपाचातला थोडा भाग पावसाचाही असेल. आत्ता लगेच घासू नका, ऑक्टोबरात परत मोजा.

—

रंधा_पटाशी

मांडवीकाठी यांचं अगदी बरोबर. हे मला सुचायला हवं होतं. ताई, थांबा ऑक्टोबरपर्यंत. तोवर कमी ताणाच्या तारा लावा, बोटांना तेवढाच दिलासा.

—

खर्जाचा_षड्ज

मी सतारवाला. वीस वर्षं झाली, अजून शिकतोय. भांडायला आलेलो नाही, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक, कागदावरून संगीत येतं हे मला पटत नाही. आमच्या गुरुजींनी वहीत बंदिश लिहून घेतली तर वही बंद करायला लावायचे. कान उघडा म्हणायचे.

दुसरं, मुलीची गिटार घरात आहे. ती मेजर कॉर्ड वाजवते आणि माझे दात शिवशिवतात. गंधार चढा आहे. तानपुरा नीट जुळला की त्यातून जो गंधार आपोआप बोलतो त्याच्यापेक्षा गिटारचा गंधार १४ सेंट वर, एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. फ्रेट ठोकून बसवलेले, हलत नाहीत. सतारीचे पडदे मी सरकवू शकतो, शिवाय तार ओढून मींड घेता येते. तुम्ही काय करता?

—

मांडवीकाठी

@खर्जाचा_षड्ज, बुवा, चढा आहे खरा. ही किंमत मोजूनच बाराही स्वरांपासून सुरू करता येतं. तुमचा सा एकच, आमचा प्रत्येक गाण्याला वेगळा, कधी गाण्याच्या मध्यावरच बदलतो.

आणि कागदाबद्दल. कागद सगळं सांगत नाही हो. डो-रे-मी मधला वरचा ‘मी’ घ्या. पहिली तार मोकळी सोडली की मिळतो. दुसऱ्या तारेच्या पाचव्या घरावर तोच, तिसरीच्या नवव्यावर तोच, चौथीच्या चौदाव्यावर तोच. कागदावर एकच टिंब. मोकळ्या तारेचा काचेसारखा, तिसरीवरचा मधासारखा जाड. कुठला घ्यायचा हे कानच ठरवतो. तुमचे गुरुजी आणि आमचे सर एकमेकांना भेटले असते तर त्यांचं जमलं असतं.

—

खर्जाचा_षड्ज

हे चारही ‘मी’ मुलीला वाजवायला सांगितले. तिला माहीतच नव्हतं. आता दोघंही तिसऱ्या तारेवरचाच वाजवत बसलोय. बायको जेवायला हाका मारतेय.

—

हात_दुखतो_का

मी फिजिओथेरपिस्ट. वाद्य वाजवणारे बरेच पेशंट येतात, त्यात तबलजी सर्वात जास्त आणि चाळिशीनंतर काही नवं शिकायला घेतलेले दुसऱ्या नंबरवर. कारण साधं. लहान मूल कंटाळलं की उठून पळतं. मोठा माणूस ‘आज हे बसवूनच उठणार’ म्हणून दीड तास बसतो.

अबोलीताई, बारेसाठी एक प्रयोग करा. बारे धरा आणि अंगठा मानेच्या मागून काढून घ्या. आता तार दाबून दाखवा. उजव्या कोपराने गिटारचं अंग स्वतःकडे हलकं धरून ठेवा आणि डाव्या हाताच्या वजनाने, दंडापासून, मागे ओढा. चिमटा काढायचा नाही, ओढायचं. बरंचसं वाजेल. मग अंगठा परत नुसता टेकवा. म्हणजे कळेल, इतके दिवस अंगठ्याच्या बुडाशी केवढी ताकद फुकट जात होती.

तर्जनी सपाट टाकू नका, किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा. तिथे हाड आहे, मांस नाही. एखादीच तार मुकी राहत असेल तर ती बोटाच्या पेराच्या खाचेत सापडली असणार. बोट दोन-तीन मिमी वर किंवा खाली सरकवा. आणि सहाही तारा दाबायची दर वेळी गरज नसते, कागद बघा. ज्या वाजणारच नाहीत त्यांच्यावर घाम कशाला गाळायचा?

रोज अर्धा तास करता, उत्तम. फक्त मधे एकदा उठा. बोटांच्या टोकांना आग होणं ठीक आहे, कातडी घट्ट होते आणि जातं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात दुखलं किंवा मुंग्या आल्या तर त्या दिवशी बंद. दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर दाखवून घ्या. इथे फोटो टाकून निदान मागू नका, प्लीज.

—

भाकरी_तव्यावर

नखांचा प्रश्न मोठा का वाटतोय कळत नाही. नवऱ्याच्या हाताला नखं नाहीत ना? मग कणीक त्याने मळावी. प्रश्न मिटला.

—

अबोली_ठाणे

@भाकरी_तव्यावर, तीन दिवस मळली. चौथ्या दिवशी म्हणाले, “त्या सोर-बिरला नखं होती का?” मी म्हटलं, धाग्यावर विचारते.

—

लायपझिगची_थंडी

नव्हती! अहो, हा प्रश्न तुमच्या यजमानांनी अगदी नेमका विचारलाय.

मी जर्मनीत असते, इथे एकेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. फेर्नांदो सोर, बार्सिलोनात १७७८ साली जन्मलेला, नखांच्या ठाम विरोधात होता. १८३० मध्ये पॅरिसला त्याने गिटारचं मोठं पुस्तक काढलं, त्यात नखवाल्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. पण त्याचा जिवलग मित्र दिओनिसिओ आगुआदो नखांनी वाजवायचा. दोघं पॅरिसमध्ये एकाच हॉटेलात राहत. सोरने दोघांनी मिळून वाजवायला एक रचना लिहिली, नावच ‘दोन मित्र’. एकाला नखं, एकाला नाहीत, आणि शेजारी शेजारी बसून वाजवतायत. मला हे चित्र फार आवडतं.

पुढे तारेगाने, म्हणजे तुमच्या ‘लाग्रिमा’वाल्यानेच, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं काढून टाकली. नंतर सेगोविया या स्पॅनिश वादकाने नखांचा रिवाज जगभर पक्का केला, मोठ्या हॉलमध्ये आवाज पोचायला हवा म्हणून. तुम्हाला कुठला हॉल भरायचाय? बेडरूमच ना? मग मांसाने वाजवा. तारेला बोटाचं टोक आधी लागलं पाहिजे, तार थोडी खाली दाबली गेली पाहिजे आणि मग सुटली पाहिजे. वरून खाजवायचं नाही. नख ठेवायचंच तर बोट डोळ्यांसमोर धरल्यावर मांसावरून जेमतेम एक-दीड मिमी दिसेल एवढंच, आणि कडा दोन हजार नंबरच्या पॉलिशपेपरने काचेसारखी करा. इथले काही लोक नख तुटलं की पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून खालून चिकटवतात. थट्टा नाही, खरंच.

जाता जाता, मुलाला सांगा, जुन्या नोकियाच्या फोनची ती रिंगटोन तारेगाचीच. ‘ग्रान वाल्स’ नावाच्या त्याच्या रचनेतले चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं.

—

अबोली_ठाणे

नोकिया!! मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “नोकिया म्हणजे?” बसले गप्प.

पण सोरबद्दल वाचून नख कापूनच टाकलं. चारही बोटं आता एकसारखी गरीब. आवाज लहान झाला पण लंगडणं गेलं. बाईंना भीत भीत दाखवलं, तर म्हणाल्या, “मग बोटाचं टोक तारेवर आधी नीट टेकवायला शिका, ते नखवाल्यांनाही लागतं.” कणीक परत माझ्याकडे आलीय, हे मात्र पटलेलं नाही.

लायपझिगताई, तिथे मोठ्यांना कुणी शिकवतं का? की तिथेही बारा वर्षांच्या मुलांत बसवतात?

—

लायपझिगची_थंडी

नगरपालिकेच्या संगीतशाळा असतात, तिथे मोठ्यांना घेतात, फक्त फी मुलांपेक्षा जास्त. आठवड्याला तीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं तर हात गरम होण्यात जातात, इथल्या थंडीत.

खरी मजा वेगळीच. इथे मँडोलिन, मँडोला आणि गिटार यांचे हौशी वाद्यवृंद असतात, त्यांना त्सुप्फऑर्केस्टर म्हणतात. मी तिसऱ्याच महिन्यात जाऊन बसले. गिटारवाल्या नवशिक्यांना खालचा खर्ज देतात. एका बारमध्ये दोन स्वर, तेही बहुतेक मोकळ्या तारांचे. शेजारी सत्तरीच्या आजी, पलीकडे कॉलेजचा पोरगा. एकटीने खोलीत वाजवताना मी चुकले की थांबते, मागे जाते, परत सुरू करते. तिथे थांबता येत नाही, गाडी पुढे गेलेली असते. चुकलं तर पुढच्या बारला धावत चढायचं, लोकलसारखं. चुकून पुढे जाणं मला माझ्या बाईंनी सांगून सांगून आलं नव्हतं, तिथे दोन रविवारांत आलं. तुमच्याकडे कुणी दुसरा शिकणारा असेल तर दोघांचं काहीतरी घ्या.

—

निवृत्त_सिग्नल

परीक्षेबद्दल मी बोलतो, कारण दिली आहे. रेल्वेतून निवृत्त, वय ६३, मुक्काम पुणे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीत परीक्षा, ग्रेड दोन.

परीक्षेच्या हॉलबाहेर खुर्च्यांवर मी आणि सात पोरं. सगळ्यात मोठा असेल अकरा वर्षांचा. एका मुलाच्या आईने मला विचारलं, “नातू आत गेलाय का?” मी म्हटलं, नाही, आजोबाच जाणार आहेत. मग ती बाई इतकी गोंधळली की तिने मला बिस्कीट दिलं.

आत तीन रचना, थोडे स्केल वगैरे, आणि शिवाय दोन चाचण्या. कागद समोर ठेवून तिथल्या तिथे वाचणं, कान, उत्स्फूर्त वाजवणं आणि माहिती, या चारांतल्या दोन आपण निवडायच्या. मी कान आणि माहिती घेतली. वाचन घ्यायची छाती झाली नाही. शंभरपैकी साठला पास, पंचाहत्तरला मेरिट, सत्त्याऐंशीला डिस्टिंक्शन. मला अडुसष्ट. पहिल्या रचनेत हात थरथरत होते, म्हणजे अक्षरशः. पस्तीस वर्षं सिग्नल केबिनमध्ये काढली, रात्रीच्या पावसात गाड्या सोडल्या, हात कधी कापला नाही. आणि इथे सोळा बारच्या एका वाल्ट्झला उजव्या हाताचं बोट तारेवर टिकेना.

तरी द्या म्हणतो. सर्टिफिकेट कपाटात पडलंय, त्याचं काही नाही. पण तारीख ठरली की तीन रचना पुऱ्या कराव्या लागतात. त्याआधी माझ्याकडे चौदा अर्धवट होत्या. आपला मोठ्यांचा घोळ हाच आहे. पन्नास वर्षं चांगलं ऐकलेलं असतं, त्यामुळे आपलं वाईट वाजलेलं लगेच कळतं आणि आपण ते सोडून दुसरं घेतो. त्या पोरांना कळत नाही, ती दणादण शेवटापर्यंत जातात. माझ्या पुढे जो गेला त्याच्या चुका दाराबाहेर ऐकू येत होत्या, आणि तो उड्या मारत बाहेर आला.

—

कोणीतरी_१९७९

काका, अडुसष्ट म्हणजे भारीच. मी वर जे लिहिलं ते सोडून द्या. सी-४० आता कितीला आहे? सहज विचारतोय.

—

भाकरी_तव्यावर

सहज म्हणे.

—

अबोली_ठाणे

मंडळी, दोन महिन्यांनी येतेय, क्षमस्व. मधे ऑडिट आणि दिवाळी.

ऑक्टोबरात परत मोजलं. साडेपाचाचे पाच झाले, नुसत्या कोरड्या हवेने. मग रंधादादांनी सांगितलं तशी पट्टी घासून घेतली, आता ४ ला जरा जास्त. दुसऱ्याच गिटारीवर वाजवतेय असं वाटतं. दर दिवाळीला घराची साफसफाई करते, या वर्षी गिटारीची झाली.

अंगठा काढून बारे धरायचा प्रयोग रोज केला. पहिल्यांदा सहापैकी चार वाजल्या तेव्हा मी ओरडले, मुलगा धावत आला, त्याला वाटलं पाल दिसली. ‘लाग्रिमा’ मांडवीकाठी म्हणाले तशी बाजूला ठेवली आणि सोरचे ओपस ६० मधले सात धडे केले. शेवटापर्यंत, चुकांसकट, थांबायचं नाही, काकांची परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून. काही फारच रडके वाजले.

भाऊबीजेला भाची आली, तिचा तोच मित्रही आला. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत नव्हते, या वेळी मुद्दाम नाही. त्याच्यासमोर ‘लाग्रिमा’ वाजवायची छाती झाली नाही, सोरचा पाचवा वाजवला. दोनदा अडखळले, पुढे गेले. तो ऐकून म्हणाला, “मावशी, हा मी कधी वाजवलाच नाही, कागद आहे का?” मग आम्ही दोघं एकाच कागदाकडे बघत बसलो, तो खालचे स्वर वाजवत होता, मी वरचे. नवरा आतून म्हणाला, “आता तरी दोघं वाजवताय ना? मला एकच वाटलं.”

परीक्षेचा फॉर्म भरलाय. ग्रेड एक. काका, बिस्कीट घेऊन जाऊ का?

—

निवृत्त_सिग्नल

न्या. क्रीमचं नको, बोटं चिकट होतात.

—

मांडवीकाठी

दीदी, वाचन निवडा चाचणीत. सहा आठवडे टाळ्या वाजवल्या तर काही कठीण नाही.

—

मन_धागा_धागा

नवीन सभासद. सगळा धागा एका दमात वाचला. एक बारीकसा प्रश्न: दोन पाट मिळून उंची किती होते? आमच्याकडे एकच आहे, तोही स्टीलचा, आणि घसरतो.

—

अबोली_ठाणे

मोजली. दोन मिळून १३ सेमी. खाली ओलं फडकं पिळून घाला, घसरणार नाही.